एका गवंड्याचे दोन मुलगे : अलेक्झांडर आणि स्टीफन हिस्लॉप

मागच्या श्रावणात आमच्या मंडळाच्या बैठकीत एक गंमत झाली. आमचे एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, मोबाइलवर आलेला एक मजकूर छापून घेऊन आले होते. मजकुराचा सारांश असा : बॅबिलोनची इश्तार देवी, इंग्रजांचा ईस्टर सण आणि आपला ईश्वर हे तिन्ही शब्द मुळात एकच, आणि जगातले सगळे देव एकाच घराण्यातले. खाली आधार दिला होता, हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश पंडिताचा. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू हिस्लॉप कॉलेजचा ना रे? मग हे तुमच्याच हिस्लॉपचं दिसतंय. पुढच्या महिन्यात यावर निबंध वाच."

मीही छाती फुगवून हो म्हणालो. आमचं घराणं मूळ नागपूरचं. 1956 साली हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं, तेव्हा त्याच्याबरोबर कारकुनांची आणि वकिलांची जी मराठी बिऱ्हाडं इकडे आली, त्यांतलं आमचं एक. पुढे मी शिकायला परत नागपूरला, आत्याकडे गेलो आणि हिस्लॉप कॉलेजात चार वर्षं काढली. त्या चार वर्षांत हा हिस्लॉप कोण होता, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कॉलेजचं नाव म्हणजे कॉलेजचं नाव.

घरी येऊन शोधायला बसलो तेव्हा कळलं की काकांच्या कागदावरचा हिस्लॉप आमचा नव्हेच. तो थोरला भाऊ. आमचा हिस्लॉप धाकटा. आणि या दोन भावांची गोष्ट ईश्वर-ईस्टरच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त कामाची आहे, निदान आपल्यासारख्या इतिहासाचा नाद असलेल्या माणसांना.

स्कॉटलंडच्या दक्षिण टोकाला, इंग्लंडच्या सरहद्दीजवळ बर्विकशायर म्हणून परगणा आहे. त्यातलं डन्स हे लहानसं गाव. तिथे स्टीफन हिस्लॉप नावाचा एक गवंडी राहत होता. धंद्याने दगड फोडणारा आणि रचणारा, आणि गावातल्या रिलीफ चर्चचा एक वडीलजन. स्कॉटलंडमध्ये तेव्हा गावाचा पाद्री नेमायचा हक्क बऱ्याच ठिकाणी जमीनदाराकडे असे. ज्यांना हे मान्य नव्हतं अशा लोकांनी अठराव्या शतकात वेगळे पंथ काढले, त्यांतला रिलीफ चर्च हा एक. म्हणजे घरातलं वळण असं : बायबल रोज वाचायचं, स्वतः वाचायचं, आणि वरून कोणी लादलेलं ऐकायचं नाही.

या गवंड्याचा मुलगा अलेक्झांडर 1807 साली जन्मला. त्याच्या पाठीवर दहा वर्षांनी, 8 सप्टेंबर 1817 रोजी, दुसरा मुलगा झाला आणि त्याला बापाचंच नाव मिळालं, स्टीफन. धाकट्याला लहानपणापासून किडे, फुलपाखरं, दगड गोळा करायचा छंद. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आधुनिक भूगर्भशास्त्राचा जनक मानला जाणारा जेम्स हटन याची शेती याच डन्सजवळ होती, आणि 1788 साली त्याने खडकांच्या थरांवरून पृथ्वीच्या प्रचंड वयाचा जो पुरावा दाखवला, ती सिकार पॉइंटची समुद्रकडा याच परगण्यात आहे. गवंड्याच्या पोराला दगडांकडे बघायची सवय लागली, यात फार नवल नाही.

थोरला अलेक्झांडर आधी शाळामास्तर झाला. स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला, हेरिंग माशांसाठी प्रसिद्ध असलेल्या विक गावात तो पंतोजी होता. 1831 साली त्याने जेन पिअर्सन हिच्याशी लग्न केलं. मग काही काळ 'स्कॉटिश गार्डियन' या वृत्तपत्राचं संपादन केलं. मास्तर, संपादक आणि मग पाद्री. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या अनेक सुधारकांची कारकीर्दही याच वळणाने गेलेली दिसेल, फक्त शेवटची पायरी वेगळी.

मग 1843 साल आलं. 18 मे रोजी एडिंबरोत स्कॉटिश चर्चची महासभा भरली होती. पाद्री नेमण्याचा वाद तोपर्यंत कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेला होता. त्या दिवशी अध्यक्ष निषेधपत्र वाचून उठले आणि एकामागून एक पाद्री सभागृहाबाहेर पडले. साडेचारशेच्या वर पाद्र्यांनी आपली चर्चं, राहती घरं आणि पगार सोडून 'फ्री चर्च' स्थापन केलं. मला हा प्रसंग वाचताना नेहमी वाटतं की तत्त्वासाठी भांडणारी माणसं पुष्कळ असतात. त्यासाठी बायकापोरांसह राहतं घर सोडणारी थोडी. दोघे हिस्लॉप भाऊ अर्थातच फ्री चर्चच्या बाजूने गेले. पुढच्याच वर्षी, 1844 मध्ये, दोघांनाही दीक्षा मिळाली. थोरल्याला आर्ब्रोथच्या ईस्ट फ्री चर्चची, धाकट्याला हिंदुस्थानातल्या मिशनची. इथून दोघांच्या वाटा फुटल्या.

आर्ब्रोथ हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. तांबड्या दगडाच्या मठाचे भग्नावशेष, धुरात भाजलेला मासा, शिडांचं कापड विणणाऱ्या गिरण्या. अलेक्झांडर उरलेलं सगळं आयुष्य इथेच राहिला. बाहेरच्या जगात त्या वेळी काय चाललं होतं ते लक्षात घेतल्याशिवाय त्याचं पुस्तक समजत नाही. आयर्लंडमधल्या दुष्काळामुळे हजारो गरीब कॅथलिक स्कॉटलंडच्या गिरण्यांत येत होते. 1850 साली पोपने इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची व्यवस्था पुन्हा उभी केली आणि प्रॉटेस्टंट ब्रिटनमध्ये केवढा गदारोळ माजला. त्याच सुमाराला लेयार्डने निनवेचे राजवाडे खणून काढले होते, आणि असीरियाच्या पंखवाल्या बैलांची चित्रं घरोघर पोचली होती. भीती एकीकडे आणि कुतूहल दुसरीकडे. अलेक्झांडरने दोन्ही एकत्र बांधलं.

1853 साली त्याने एक पुस्तिका काढली. 1858 साली तिचाच फुगवून जाडजूड ग्रंथ केला, 'दोन बॅबिलोन'. त्याचा दावा असा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात निम्रोद नावाचा पराक्रमी शिकारी येतो. अलेक्झांडरच्या मते या निम्रोदची बायको म्हणजे सेमिरामिस. तो मेल्यावर तिने त्याला देव बनवलं, स्वतः देवी झाली आणि मांडीवरच्या बाळाची पूजा सुरू केली. जगभरचे सगळे मूर्तिपूजक धर्म याच एका कुटुंबातून निघाले, आणि रोमन कॅथलिक चर्चची मेरी आणि तिचं बाळ, बिशपची टोपी, सणवार, सगळं त्याचंच वेषांतर.

पुस्तक वाचताना पहिल्यांदा माणूस दबून जातो. तळटीपाच तळटीपा. पण एकेक धागा ओढून पाहिला की विणकाम उसवतं. निम्रोदच्या बायकोचं नाव बायबलमध्ये नाहीच. सेमिरामिस ही ग्रीकांनी रंगवलेली राणी. तिच्यामागची खरी बाई म्हणजे असीरियाची शम्मुरामत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या अखेरची. निम्रोदशी तिची गाठ घालायची तर मध्ये बायबलच्याच हिशेबाने कित्येक शतकं ओलांडावी लागतात.

आणि ईस्टर? नाव ऐकायला इश्तारसारखं आहे, एवढाच पुरावा. आता बघा, हा सण साजरा करणाऱ्या बहुतेक भाषांमध्ये त्याचं नाव ज्यूंच्या पेसाख सणावरून आलं आहे. आपल्या शेजारी गोव्यातच विचारा ना. तिथला ख्रिस्ती माणूस 'पास्क' म्हणतो. म्हणजे ज्या पोपच्या लोकांवर अलेक्झांडर इश्तारच्या पूजेचा आरोप ठेवत होता, ते लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, पोर्तुगीजमध्ये, कोकणीत सणाला भलत्याच नावाने हाक मारत होते. इश्तारशी जुळणारं नाव होतं ते इंग्रजी बोलणाऱ्या अलेक्झांडरच्या स्वतःच्या शेजारपाजाऱ्यांकडे.

आपल्या ईश्वराचं प्रकरण मला व्यक्तिशः जास्त रंजक वाटलं. अलेक्झांडर लिहितो की हिंदुस्थानात माता आणि बालक 'ईशी' आणि 'ईश्वर' या नावांनी पुजले जातात. त्याचा आधार व्हॅन्स केनेडी. हा मुंबईच्या फौजेतला अधिकारी, 1824 साली मराठीचा कोश करणारा. त्याने हिंदू पुराणकथांवर ग्रंथ लिहिला होता. अलेक्झांडरचा दुसरा आधार एडवर्ड मूर, तोही मुंबई फौजेतला. परशुरामभाऊ पटवर्धनांबरोबर टिपूवरच्या मोहिमेत, धारवाडच्या वेढ्यात होता, आणि चिंचवडच्या देवांवर त्याने स्वतंत्र लेख लिहिला आहे. म्हणजे आपल्या मुलुखात वावरलेल्या दोन लष्करी साहेबांनी जमवलेली माहिती आर्ब्रोथला पोचली आणि पोपच्या विरुद्ध दारूगोळा म्हणून वापरली गेली!

केनेडीने काही थाप मारलेली नव्हती. लिंगपुराणात कथा आहे : दारुकाला मारल्यावर काली शांत होईना, तेव्हा शंकर स्मशानात तान्हं बाळ होऊन रडू लागला, तिने त्याला उचलून पाजलं आणि तिचा क्रोध ओसरला. कथा खरीच आहे आणि सुंदर आहे. पण तिच्यावरून घराघरांत माता-बालकाची पूजा चालते असं म्हणणं म्हणजे एका ओवीवरून सगळ्या जात्याची परीक्षा करण्यासारखं. आणि 'ईश्वर' हा तर 'ईश्' या धातूपासून आलेला साधा शब्द आहे, सत्ता चालवणारा, धनी. त्याला बॅबिलोनला जायची गरज नाही.

पुस्तक मात्र खपलं आणि आजही खपतं. अमेरिकेतल्या राल्फ वुड्रो नावाच्या एका धर्मोपदेशकाने त्याच्या आधारे 1966 साली स्वतःचं लोकप्रिय पुस्तक लिहिलं. पुढे कोणीतरी शंका काढली म्हणून तो अलेक्झांडरच्या तळटीपा मूळ ग्रंथांशी ताडून पाहायला बसला, आणि इतका हादरला की स्वतःचं चालतं पुस्तक बंद करून 1997 साली त्याच्या खंडनाचं दुसरं पुस्तक काढलं. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ. मला तर या सगळ्या प्रकरणात वुड्रोबद्दलच सगळ्यात जास्त आदर वाटला.

आता धाकटा.

विल्यम हिल नावाच्या मद्रास फौजेतल्या एका कॅप्टनने नागपूरकडच्या मिशनसाठी मोठी रक्कम दिली होती. गोंडांसाठी काही व्हावं ही त्याची इच्छा. आमच्या इकडे, अमरकंटकजवळ, जर्मन मिशनऱ्यांचा असाच एक प्रयत्न त्याआधी झाला होता, पण त्यांतले बहुतेक आजाराने दगावले. स्टीफनने एरास्मा हल हिच्याशी लग्न केलं, 1844 च्या डिसेंबरात दोघं मुंबईला उतरली आणि 1845 च्या फेब्रुवारीत नागपूरला पोचली. तेव्हा तिसरे रघूजी भोसले गादीवर होते. स्टीफन मराठी शिकला, शाळा काढली. लोकांना ख्रिस्ती करायला तो आला होता, हे लपवायचं कारण नाही. त्यानेही कधी लपवलं नाही. त्यावरून शहरात खळबळही झाली, आणि ती का झाली हे आपण समजू शकतो.

1847 साली त्याच्या जोडीला रॉबर्ट हंटर आला. याने पुढे इंग्लंडात परतल्यावर इंग्रजीचा प्रचंड ज्ञानकोशवजा कोश केला, पण ते वेगळं. 1851 साली हे दोघे नागपूरच्या पश्चिमेला टाकळीकडे फिरायला गेले असता काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शिंपले सापडले, दगड झालेले. म्हणजे लाव्ह्याचा एक लोंढा वाहून थिजला, त्यावर तळी साठली, झाडं उगवली, गोगलगायी जगल्या, आणि मग दुसरा लोंढा आला. आज आपण या गोष्टीचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं सांगतो. टाकळी आता शहरातच आली आहे. मी आत्याकडे असताना त्याच बाजूला सायकलवरून कितीदा गेलो असेन! दगड दिसले, पण पाहिले नाहीत.

तिथून पुढे स्टीफनचा सपाटा विलक्षण आहे. फळं, बिया, कीटकांचे पंख, माशांचे खवले. मांगली गावच्या तांबड्या दगडात सापडलेली एक चपटी कवटी लंडनला गेली आणि 'डायनोसॉर' हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेनने 1855 साली तिचं वर्णन करून नाव दिलं. त्याच वर्षी नागपूर राज्याच्या भूगर्भावरचा हिस्लॉप-हंटरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. एका खनिजाला 'हिस्लोपाइट' म्हणतात. आणि गोड्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारा एक अगदी सूक्ष्म जीव आहे, 'हिस्लोपिया'. मुंबईच्या कार्टरने 1858 साली हे नाव ठेवलं. मला वाटतं, कॉलेजपेक्षा हे स्मारक जास्त टिकेल.

दरम्यान 1853 च्या डिसेंबरात रघूजी वारले आणि 1854 साली डलहौसीने राज्य खालसा केलं. नव्या इंग्रजी कारभाराची बेपर्वाई स्टीफनला बघवेना. त्याने कलकत्त्याकडच्या 'फ्रेंड ऑफ इंडिया' पत्रात निनावी पत्रं लिहून ती चव्हाट्यावर मांडली. त्याचा चरित्रकार जॉर्ज स्मिथ 1861 सालच्या मध्य प्रांताच्या निर्मितीचं बरंचसं श्रेय या पत्रांना देतो. चरित्रकाराचा उत्साह थोडा वजा करू, तरी नागपूर आणि सागर-नर्मदा हे मुलूख एका प्रांतात आले ते तेव्हाच. ते आले नसते तर जबलपुरात आपली ही मराठी वस्ती कितीशी असती, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पण मला सांगायचं आहे ते गोंडांबद्दल. थोरला भाऊ पुस्तकांतून जगातले देव गोळा करत होता त्याच वर्षांत धाकटा एका परधानाला समोर बसवून लिंगोचं गाणं ऐकत होता. परधान म्हणजे गोंडांचे भाट. त्यांच्या तोंडून गोंड देवांच्या जन्माची, त्यांच्या कोंडून पडण्याची आणि लिंगोने त्यांना सोडवण्याची लांबलचक कथा गोंडी शब्दांतच लिहून घ्यायची, ओळीखाली अर्थ लावायचा, शब्दांची यादी करायची, गोंडी भाषा तेलुगू-तमिळच्या नात्यातली आहे हे त्यावरून पारखायचं. स्टीफनच्या मते हे देव काही खरे नव्हते. पण गाणं कोणाचं, सांगणारा कोण, शब्द कुठले, यात त्याने स्वतःचं मत मिसळलं नाही. एकाच घरातले, एकाच बायबलावर वाढलेले, एकाच वर्षी दीक्षा घेतलेले दोन भाऊ. एकाने दुसऱ्याचे देव आपल्या सिद्धांतात बसवले, दुसऱ्याने ते जसे सांगितले गेले तसे उतरवून घेतले.

इथे मला स्वतःची एक कबुली द्यायला हवी. दहा वर्षांपूर्वी मी याच मंडळात एका खेड्याच्या नावावर निबंध वाचला होता. नाव एका भोसले सरदाराच्या नावासारखं वाजत होतं. मी लगेच सरदाराला तिथे मुक्कामाला नेलं, त्याची छावणी बसवली, पाटीलकीचा तर्कही लढवला. टाळ्या पडल्या. पुढे त्या गावात गेलो तर एका गोंड म्हाताऱ्याने हसून सांगितलं, "बाबूजी, आमच्या बोलीत हे एका झाडाचं नाव आहे." झाड समोरच उभं होतं. गावाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. अलेक्झांडरला हसताना मला तो म्हातारा आठवतो आणि हसू जरा आवरतं घ्यावं लागतं.

1863 च्या पावसाळ्यात चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल आणि स्टीफन नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची दगडी वर्तुळं बघायला गेले. मोठमोठे दगड गोल मांडलेले, आत पुरलेली मडकी आणि लोखंडाची हत्यारं. त्या काळी अशा वर्तुळांना सरसकट 'सिथियन' म्हणून टाकायची पद्धत होती. 4 सप्टेंबरला टेंपल पुढे बोरीच्या मुक्कामाला गेला आणि स्टीफन टाकळघाटची शाळा तपासायला मागे थांबला. संध्याकाळी एकटाच घोड्यावरून निघाला. वाटेतला ओढा, सकाळी सहज ओलांडलेला, पुराच्या पाण्याने तुंबून भरला होता. मुक्कामावर घोडा एकटाच पोचला. लोक मशाली घेऊन धावले. चार दिवसांनी स्टीफनला सेहेचाळिसावं वर्ष पूर्ण झालं असतं.

ही बातमी आर्ब्रोथला गेली तेव्हा थोरला भाऊ स्वतःच खचलेला होता. शेवटची दोनेक वर्षं तो आजारीच होता. 13 मार्च 1865 रोजी पक्षाघाताने गेला. त्यानंतरच्या वर्षी, 1866 मध्ये, टेंपलने स्टीफनचे गोंडांविषयीचे कागद, लिंगोच्या गाण्यासह, संपादून छापले. आमचं कॉलेज 1883 सालचं, तेव्हा कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं. टाकळघाट आणि खापा इथे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी 1968-69 साली पद्धतशीर उत्खनन केलं, आणि ही वर्तुळं लोहयुगातल्या इथल्याच लोकांची असल्याचं दाखवलं. सिथियन पाहुण्यांची गरज उरली नाही.

निबंध वाचून झाल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझा कागद फाडायचा का?" मी म्हटलं, "फाडू नका. मागच्या बाजूला 'पास्क' एवढंच लिहून ठेवा."

गेल्या सप्टेंबरात आत्याकडे गेलो होतो, तेव्हा भाचा मोटारसायकलवरून टाकळघाटला घेऊन गेला. आभाळ भरलेलं होतं, ओढ्याला गुडघाभर पाणी. एका वर्तुळापाशी म्हशी चरत होत्या. राखणाऱ्या पोराला विचारलं, हे दगड कोणाचे? तो म्हणाला, गवळी राजाचे. मी वहीत त्याने सांगितलं तसंच लिहिलं, तारीख घातली आणि दगड मोजले. पहिल्यांदा 22 भरले, दुसऱ्यांदा 23. एक म्हैस उठायला तयार नव्हती.